तेवढा एक डाग राहू द्या

बोलतेय मी, लॉन्ड्रीची गाडी. अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून उभी असते ना, ती. एके काळी मी पांढरी होते. आता माझा रंग चहा सांडलेल्या टेबलावरच्या कापडासारखा झालाय, दारांच्या कडांना गंज धरलाय आणि मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. तरी रोज चालते. आम्हाला बोलायची संधी सहसा मिळत नाही. आम्ही तोंड उघडलं की माणसं त्याला खडखड म्हणतात आणि गॅरेजात नेऊन उभं करतात. म्हणून आज मिळालीय तर जरा सविस्तर सांगते.

कारखान्यातलं मला फार आठवत नाही. लांबलचक शेड, डोक्यावरून सरकणाऱ्या साखळ्या आणि पुढे-मागे हुबेहूब माझ्यासारख्याच बहिणी. एकानं काचा बसवल्या, एकानं दारं लावली, एकानं चाकांचे नट आवळले आणि शेवटच्यानं टपावर थाप मारून बाहेर सोडलं.

माझा पहिला मालक औषधांच्या दुकानांना माल पोचवायचा. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. गिअर टाकायचा तो कुणाचा तरी कान पिळल्यासारखा. माझ्यातच जेवायचा, माझ्यातच डुलकी काढायचा आणि सीटच्या फटीत काय काय सांडायचा ते विचारू नका. एक दिवस त्याला नवी गाडी मिळाली आणि मी रस्त्याच्या कडेला, काचेवर पाटी लावून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत उभी राहिले. तिथून अण्णांनी मला आणलं.

अण्णा म्हणजे लॉन्ड्रीचे मालक. मालक म्हणायचं आपलं, हुकूम चालायचा तो आईचा. घरात पाय ठेवल्याबरोबर तिनं मला कपड्यांच्या साबणानं घासायला घेतलं. टपासाठी शिडी लावली. टायरांच्या खाचांत ब्रश घातला.

"अगं, रस्त्यावर चालायचंय तिला," अण्णा म्हणाले. "पलंगावर अंथरायचं नाहीये."

"हिच्यात धुतलेले कपडे ठेवायचेत ना? मग आधी ही धुतलेली पाहिजे," आई म्हणाली, आणि माझ्या आरशाच्या मागची बाजूही पुसली. तिथे आजवर कुणी बघितलंही नव्हतं.

या घराचं हे असंच आहे. डाग दिसला की हात आपोआप फडक्याकडे जातो. एखादा पाहुणा येऊन आपलं दुखणं सांगत असला तरी आईची नजर त्याच्या सदऱ्यावरच्या ठिपक्यावर. तो गळा दाटून काहीतरी बोलत असतो आणि ही मध्येच विचारते, "शाईचा आहे का हो?"

त्यांना मुलं दोन. थोरली आणि धाकटा. मी आले तेव्हा थोरलीचं लग्न होऊन गेलं होतं. ती परत आली त्या दिवशी तिला आणायला मीच गेले होते. अण्णा चालवत होते. मागे दोन बॅगा आणि एक शिलाई मशीन. घराजवळच्या वळणावर ती म्हणाली, "अण्णा, मी घरात बसून राहणार नाही."

"नको बसूस," अण्णा म्हणाले. "गाडी शीक."

तेवढंच बोलणं. दुसऱ्या सकाळपासून आमची शिकवणी सुरू झाली. सुरुवातीला ती माझा क्लच असा सोडायची की मागचे गठ्ठे पुढे आणि पुढचे अण्णा मागे. फाटकाच्या खांबाला मी दोनदा घासले गेले, ते ओरखडे अजून आहेत. पण हात बसला. अण्णांचे गुडघे बोलायला लागले होतेच. हळूहळू सगळी फेरी तिच्याकडे आली. सकाळी इस्पितळाच्या चादरी आणि अभ्रे, मग दोन लहान हॉटेलं, मग केस कापायच्या दुकानांचे टॉवेल.

फेरीवरची थोरली मी एकटीनं बघितली आहे. पुढच्या रिक्षावाल्याला काचेआडून टोमणे मारायची, सिग्नलला थांबली की गाणं म्हणायची, तेही सूर सोडून. इस्पितळाच्या मागच्या फाटकातून मला उलटी आत घ्यायची ती एका दमात. गठ्ठे उतरवून झाले की घटकाभर स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसायची. त्या वेळी ती कुणाची मुलगी नसायची, कुणाची बहीण नसायची, परत आलेली तर नसायचीच. ती फेरीवर असायची.

मग माझं तेल गळायला लागलं.

माझं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. चालवणाऱ्याची सीट उचलली की दिसतं. त्याच्या डोक्यावर पत्र्याचं एक झाकण असतं, गॅरेजवाले त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये पॅकिंगची एक पट्टी. ती वर्षानुवर्षं तापून तापून वाळक्या सालीसारखी कडक झाली आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे नजरही नीट पोचत नाही, तिथे तिला चीर गेली. तेल तिथून बारीक पाझरायचं, इंजिनाच्या पाठीवरून ओघळत उतरायचं आणि पार खाली, गिअरबॉक्स जिथे जोडलाय तिथून, जमिनीवर टपकायचं. मला तो ओघळ कळायचा, पाठीवरून मुंगी चालावी तसा. सांगता येत नव्हतं. आणि माणसांची रीत अशी की थेंब जिथे पडतो तिथेच बघायचं.

धाकटा मला गॅरेजात घेऊन गेला. लॉन्ड्रीचा व्यवहार तोच बघायचा, गिऱ्हाइकांची बोलणी तोच खायचा. पहिल्या गॅरेजवाल्यानं खालून वाकून बघितलं आणि चेंबरचं, म्हणजे तळातल्या तेलाच्या टाकीचं, पॅकिंग बदललं. गळती होती तशीच. दुसरा माझ्याखाली आडवा झाला, टॉर्च मारली आणि म्हणाला, "मागची, गिअरबॉक्सच्या सांध्यातली सील गेलीय. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. आणि एवढं सगळं करून ही गाडी..." पुढचं गिळून तो हात पुसायला लागला.

ते अर्धं वाक्य धाकट्यानं घरी आणलं आणि जेवताना पूर्ण केलं. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे या घरातलं पानावरचं बोलणं मला ऐकू येतं.

"विकून टाकू," तो म्हणाला. "एखादा टेम्पोवाला महिन्याच्या बोलीवर लावू. माल तोच नेईल, तोच आणेल. ताईला उन्हातान्हात फिरायला नको."

"मग मी काय करू?" थोरलीनं विचारलं.

"इस्त्रीला बस. नाही तर सरळ आराम कर."

त्यानं तो शब्द मायेनंच टाकला होता. तिला तो कसा लागला ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, तिनं क्लच सोडला तेव्हा.

त्यानंतर या घरात जे सुरू झालं ते बाहेर कुणाला सांगून पटणार नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी थोरली अंगणात यायची. सीट उचलून माझं इंजिन फडक्यानं लख्ख पुसायची, आणि धाकट्याला तेल कमी दिसू नये म्हणून डब्यातलं थोडं तेल आत ओतायची. ती आत गेली की आई यायची. माझ्याखालच्या फरशीवर सोडा पसरून घासायची आणि दोन बादल्या पाणी मारायची, म्हणजे धाकट्याला डाग दिसायला नको. दुपारी घर आडवं झालं की चपला हातात घेऊन अण्णा यायचे. त्यांनी नीळ ठेवायच्या जुन्या डब्यात तेल लपवून ठेवलं होतं. तेही थोडं ओतायचे, धाकट्याला कमी दिसू नये म्हणून. तिघंही एकमेकांच्या नकळत, निदान मला तसं वाटायचं. मी सगळं बघत होते आणि माझं पोट तुडुंब भरत चाललं होतं.

माणूस जास्त जेवला की त्याचं जे होतं तेच माझं झालं. तेल ठरल्या खुणेच्या वर गेलं की इंजिनाच्या आत ते घुसळलं जातं, दाब वाढतो आणि फट मिळेल तिथून ते बाहेर पडतं. चिरेतून आधी थेंब यायचे, आता धार लागायची बाकी होती. जितकं गळायचं तितकं ते तिघं आणखी घाबरायचे, आणि घाबरून आणखी पुसायचे, आणखी ओतायचे.

अशातच इस्पितळातून एक चादर परत आली. तिथल्या कपड्यांच्या खोलीतल्या सिस्टरनं धाकट्याला फोन करून सांगितलं होतं, "एकदा झालं, चालेल. पुन्हा असा डाग आला तर वरचे लोक काम दुसरीकडे देतील. माझ्या हातात नाही ते." इस्पितळ गेलं असतं तर लॉन्ड्रीची निम्मी मशीनं बंद ठेवावी लागली असती.

धाकट्यानं चादर अंगणात सगळ्यांसमोर पसरली. कडेला काळपट, तेलकट डाग.

"बघा," तो म्हणाला. "आता तरी पटलं? गाडीचं तेल. पुढच्या रविवारी माणूस येतोय गाडी बघायला. मी सांगितलंय त्याला."

आईनं चादर उचलली आणि उजेडासमोर धरली. बराच वेळ बघत राहिली. डागावरून तिला जे कळायचं होतं ते कळलं असावं, कारण तिनं एकदा थोरलीकडे बघितलं. पण म्हणाली एवढंच, "आण, काढते मी."

दुसऱ्या दिवशी फेरी संपल्यावर थोरलीनं मला घराकडे न वळवता एका जुन्या गॅरेजात नेलं. तिथल्या मेस्त्रीला सगळे 'सावकाश' म्हणतात. गाडी घेऊन कुणीही धापा टाकत आला की तो आधी म्हणणार, "सावकाश सांगा." त्यामुळे घाई असलेली माणसं त्याच्याकडे जात नाहीत.

थोरलीनं सगळं सांगितलं. चेंबर, सील, गिअरबॉक्स, रविवार. त्यानं ऐकून घेतलं, सीट उचलली, तेल मोजायची पट्टी काढून पुसली, परत घातली, परत काढली आणि पट्टीकडे बघत उभा राहिला.

"ताई, ही गाडी गळते म्हणताय?"

"हो. रोज."

"गळणाऱ्या गाडीचं तेल कमी होतं. हिनं तर बाळसं धरलंय. कोण घालतं तेल?"

"मीच. थोडंसंच."

"थोडंसं?" त्यानं चेंबरचा नट सोडून जास्तीचं तेल काढून घेतलं. ते बघून थोरलीच घाबरली. मग त्यानं टॉर्च घेऊन इंजिन सगळीकडून न्याहाळलं आणि टॉर्च बंद केली. "काही दिसत नाही. इतकं स्वच्छ इंजिन मी शोरूमच्या बाहेर बघितलेलं नाही. कोण पुसतं?"

"मी."

"का?"

"घाण दिसते म्हणून."

"अहो, मला ती घाणच बघायचीय. तुम्ही रोज सकाळी पुरावा पुसताय आणि चोर पकडा म्हणताय. दोन दिवस चालवा. एक थेंब पुसायचा नाही, एक थेंब घालायचा नाही. डाग पडतील ते पडू द्या. मग आणा."

"डाग राहू द्यायचा?" थोरलीनं असं विचारलं, जणू त्यानं तिला भर रस्त्यात थुंकायला सांगितलं होतं.

"राहू द्यायचा."

दोन दिवस तिनं काळजावर दगड ठेवून काढले. सकाळी यायची, सीट न उचलता उभी राहायची, हात पाठीमागे बांधायची आणि आत जायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला परत सावकाशकडे नेलं. त्यानं सीट उचलली. इंजिन लख्ख. पट्टी काढली. तेल खुणेच्या वर.

"मी हात लावला नाही," थोरली म्हणाली. "शपथ घेते हवी तर."

सावकाशनं तिच्याकडे बघितलं. "तुम्ही नसेल लावला. पण तुमच्या घरात आणखी कुणालातरी भीती वाटतेय, ताई. आधी घरी जाऊन ती गळती बघा."

ती मला घेऊन घरी आली, पण भिंतीशी उभी केली नाही. अंगणाच्या मधोमध, ओल्या चादरींच्या दोन रांगांमध्ये थांबवली. सीट उचलून ठेवली आणि हाक मारली, "आई, अण्णा, जरा बाहेर या." इस्त्री बाजूला ठेवून धाकटाही आला.

"हे कुणी पुसलं?"

अण्णा आभाळाकडे बघायला लागले.

"मी नाही," आई म्हणाली. मग म्हणाली, "वरवर पुसलं. अगदी वरवर."

"वरवर? मेस्त्रीला त्यात तोंड दिसलं."

"तू रोज पुसतेसच की. दोन दिवस पुसताना दिसली नाहीस, म्हटलं बरं नसेल पोरीला. म्हणून मी आपलं..."

"तुला माहीत होतं?"

"मोरीवरचा साबण काळा करून ठेवतेस. मला नाही कळणार?"

"थांबा, थांबा," धाकटा म्हणाला. "रोज पुसते म्हणजे काय?"

थोरलीनं त्याच्याकडे बघितलं नाही. "आणि तेल? परवा मेस्त्रीनं बरोबर खुणेवर ठेवलं होतं. आज पुन्हा वर आहे. तेल कुणी घातलं?"

"थोडंसंच घातलं," अण्णा आभाळालाच म्हणाले. "कमी दिसू नये म्हणून."

"कुणाला?"

अण्णांनी हनुवटीनं धाकट्याकडे खूण केली.

"अहो अण्णा, मीपण त्याच्यासाठीच घालत होते."

"तूपण? कधी?"

"सकाळी."

"मी दुपारी," अण्णा म्हणाले, आणि आता कुठे त्यांनी खाली बघितलं. "तरीच म्हटलं, गळून गळूनही ही इतकी भरलेली कशी."

आईला हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं, पण खांदे हलत होते. धाकटा मात्र हसला नाही.

"म्हणजे अख्खं घर माझ्यापासून लपवतंय," तो म्हणाला. "मी काय दरोडा घालायला आलोय का या घरात?"

"तसं नाही रे," आई म्हणाली. "आणि निघालंच आहे तर तेही सांगते. त्या चादरीवरचा डाग गाडीनं पाडलेला नव्हता. थेंब पडला की गोल पडतो, कडेनं फुलतो. तो लांबट होता. चार बोटांचा. हिच्या."

थोरलीनं आपला हात उलटा करून बघितला. तिच्या नखांच्या कडेला काळं होतं. माझी गळती लपवण्यासाठी ती रोज ज्या हातांनी मला पुसायची, त्याच हातांनी तिनं तो गठ्ठा उचलला होता. हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ती माझ्या पायरीवर खाली बसली.

"ताई," धाकटा म्हणाला, आवाज उतरला होता, "कशासाठी एवढं?"

तिनं हात मिटून मांडीवर ठेवला.

"इस्त्रीच्या टेबलाशी मी बसले ना, की येणारं प्रत्येक माणूस मला विचारतं, कधी आलीस, किती दिवस आहेस. फेरीवर मला असं कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, चादरी किती आणल्यात."

चादरींमधून पाणी ठिबकत होतं.

"मला वाटलं तू ओढतेयस," धाकटा म्हणाला. "घराला भार व्हायला नको म्हणून. लोक मला तोंडावर म्हणतात, बहिणीला गाडीवर राबवतोस."

"लोकांना गाडी चालवता येते?"

"नाही."

"मग?"

तो माझ्या जवळ आला, इंजिनाकडे बघत उभा राहिला. "पण ताई, एक खरं सांगतो. दुसरी गाडी घ्यायची आपली ऐपत नाही. हिचा गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर हिला द्यावंच लागेल, आणि मग टेम्पोला पर्याय नाही. रविवारच्या माणसाला मी नको सांगत नाही. तोवर काय होतंय ते बघ."

"बघ काय? बघू म्हण," अण्णा म्हणाले.

"बघू," धाकटा म्हणाला.

सावकाशनं फोनवर सांगितलं की इंजिन आता धुऊन कोरडं करा आणि जिथे जिथे जोड आहे तिथे पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधा. तापणाऱ्या पाइपापासून चांगल्या लांब आणि घट्ट. एकच फेरी मारा आणि तशीच गाडी घेऊन या.

पांढऱ्या कापडाला या घरात तोटा नव्हता. आईनं एक विरलेली चादर फाडली. लॉन्ड्रीत ज्याचे कपडे त्याच्या रंगाचा दोऱ्याचा टाका कोपऱ्यात घालतात, अदलाबदल होऊ नये म्हणून. तसेच टाके तिनं पट्ट्यांना घातले. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याला लाल, मधल्या जोडाला निळा, चेंबरला हिरवा, गिअरबॉक्सच्या सांध्याला पिवळा. मागच्या कोपऱ्यात कुणाचा हात जाईना. शेवटी धाकट्यानं बाही खांद्यापर्यंत वर केली, गाल माझ्या पत्र्याला टेकवला आणि चाचपडत लाल टाक्याची पट्टी बांधली. त्याचा हात तिथवर पोचला तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, इथेच, अरे इथेच.

"धूर-बीर आला तर बघायला मी येतो बरोबर," तो म्हणाला. लॉन्ड्रीचा मालक होऊ घातलेला हा मुलगा, पण फेरीवर तो कधी आला नव्हता. मांडीवर अभ्र्यांचा गठ्ठा घेऊन तो बाजूच्या सीटवर बसला, आणि थोरलीनं पुढच्या रिक्षावाल्याला पहिला टोमणा मारला तेव्हा दचकून तिच्याकडे बघायला लागला.

इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी रखवालदारानं अडसर आधीच वर करून ठेवला होता. तिनं मला एका दमात उलटी आत घेतली. धाकटा उतरून गठ्ठा उचलायला गेला तर तिथला माणूस म्हणाला, "ओ, तुम्ही कोण? ताई, हा बरोबर आहे का तुमच्या?" कपड्यांच्या खोलीतली सिस्टर बाहेर आली, तिनं आणि थोरलीनं मिळून चादरी मोजल्या, वरच्या मजल्यावरच्या नव्या पलंगांना लांब चादरी लागतील त्याचं बोलणं केलं. सिस्टरनं मध्येच मान वळवून विचारलं, "तुम्ही ह्यांचे भाऊ का?"

"हो," धाकटा म्हणाला. फोनवर ज्या बाईशी तो मालक म्हणून बोलायचा, तिला त्याची ओळख ही अशी पटली. परतताना तो एकदाच म्हणाला, "उलटी छान घेतेस."

"रोजच घेते," थोरली म्हणाली.

सावकाशच्या गॅरेजात सीट उचलली गेली. तो आधी खाली आडवा झाला आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावरची पट्टी सोडून वर दिली. पिवळा टाका. पट्टी भिजून काळी.

"पिवळी," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे सीलच. तो दुसरा बरोबर बोलत होता."

थोरलीनं ती पट्टी हातात घेतली, उलगडली, आणि आई उजेडासमोर कापड धरते तशी धरली. मग उलटी केली. परत सुलटी केली.

"ही आतून कोरडी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"सांध्याला चिकटलेली बाजू कोरडी आहे. भिजलीय ती बाहेरून, आणि वरच्या कडेनं. तेल सांध्यातून आलं असतं तर आतली बाजू आधी भिजली असती. हे वरून ओघळत आलंय. ही गळत नाहीये, हिच्यावर गळतंय."

सावकाश खालून सरपटत बाहेर आला. त्यानं पट्टी बघितली आणि म्हणाला, "आता लाल काढा."

धाकट्यानं पुन्हा गाल टेकवून हात घातला. लाल टाक्याची पट्टी आतल्या बाजूनं चिंब होती, बाहेरून नुसती ओलसर. सावकाशनं झाकणाचे नट सोडले, झाकण उचललं आणि पॅकिंगची पट्टी ओढली. ती अखंड आलीच नाही. तुकडे तुकडे होऊन त्याच्या तळहातावर पडली.

"हे," तो म्हणाला. "एवढंसं. गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही."

थोरलीनं माझ्या दारावर हात ठेवला. तो हात काळा होता आणि दारावर चार बोटं उमटली. या वेळी तिनं ती पुसली नाहीत.

रविवारी तो माणूस आला. धाकट्यानं त्याला चहा दिला. त्यानं माझ्याभोवती फेरी मारली, गुडघ्यावर बसून खाली बघितलं आणि म्हणाला, "गळत तर नाहीये."

"म्हणूनच द्यायची नाहीये," धाकटा म्हणाला.

"मग बोलावलंत कशाला?"

"तेव्हा गळत होती. आणि तेव्हा मी गाडीवालीला विचारलं नव्हतं."

त्याला बरीच वर्षं झाली. धाकट्याचे केस विरळ झालेत, अण्णा आता अंगणात खुर्ची टाकून बसतात, आईला शिडी चढू देत नाहीत म्हणून तिचा माझ्या टपावर राग आहे. माझंही काही ना काही निघतंच. कधी बेल्ट कुरकुरतो, कधी चढावर दम लागतो. तेल आता गळत नाही असं नाही, पण गळलं की थोरली अंगणातूनच ओरडते, "ए, बघायला ये रे." मग दोघं माझ्यापुढे उकिडवे बसून त्या थेंबावरून भांडतात. ते भांडण ऐकायला मला आवडतं.

तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी जुनी असेल आणि तिच्याखाली काळा ठिपका दिसला, तर लगेच फडकं आणायला धावू नका. तेवढा एक डाग दोन दिवस राहू द्या. कुठून आला ते तोच सांगेल. घरातल्या माणसांनाही दाखवा तो. त्यांना तो बहुतेक आधीच माहीत असतो.

आणि माझ्या माणसांना एक सांगणं आहे. मला एक दिवस जायचंच आहे. पत्रा किती दिवस टिकणार. त्या दिवशी रडारड नको, लपवालपवी तर नकोच. जेवताना, खिडकी उघडी ठेवून, सगळ्यांसमक्ष काय ते ठरवा, मला ऐकू येऊ द्या. माझ्या जागी जी कुणी येईल तिचा रंग कुठलाही असो, दारं कशीही लागोत. फक्त विकत घेण्याआधी थोरलीला तिच्यात बसवा आणि क्लचपर्यंत तिचा पाय नीट पोचतो का, तेवढं बघून घ्या.